पथ्य समजून काढलेली नऊ वर्षं

आमच्याकडे कोशाची राखण करणारा माणूस कमी बोलतो. हे सगळ्या गावाला माहीत असतं, म्हणून त्याला कुणी काही विचारत नाही.

आम्ही ढिवर. तळ्यात मासे धरायचे आणि पावसाळा लागला की जंगलात ऐनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या वाढवायच्या, हा आमच्या लाखांदूरकडच्या गावातला जुना धंदा. अळ्या पानं खातात, मोठ्या होतात आणि शेवटी स्वतःभोवती रेशमाचा कोसा विणतात. तोवर कावळ्यांपासून, मुंग्यांपासून, गांधीलमाश्यांपासून त्यांना जपावं लागतं. हे जपणं नुसतं गुलेल घेऊन बसणं नसतं, त्याला पथ्य असतं. आंघोळ केल्याशिवाय राखणीत पाय ठेवायचा नाही. चप्पल बाहेर. डोक्याला तेल नाही, दाढी नाही. आम्ही ढिवर असूनही पीक उतरेपर्यंत मासोळी तोंडात घालायची नाही. बाईमाणसानं राखणीच्या हद्दीच्या आत यायचं नाही. आणि बोलायचं कमी.

माझा मोठा भाऊ, माझा दादा, हे पथ्य गावात सगळ्यात कडक पाळायचा. तो बोलायचाच नाही. पीक उतरायचं, बाकीचे लोक घरी येऊन दाढ्या करायचे, मासोळीचा रस्सा खायचे, आणि दादा जंगलातच राहायचा. माय म्हणायची, "पुढच्या पिकाची तयारी करून राहिला." पुढचं पीक उतरलं की त्याच्या पुढच्या पिकाची. उन्हाळ्यात अळ्या नसतात, कोसे नसतात, ऐनाला धड पानंही नसतात, तेव्हाही तो राखणीतल्या गवताच्या खोपीतच असायचा आणि गाव म्हणायचं, काय निष्ठा आहे माणसाची. लोक आपल्या पोरांना त्याचा दाखला देत.

नऊ वर्षं आम्ही एका आजारी माणसाला व्रतस्थ समजत होतो. गावाची ती खरीच चूक होती. माझी नुसती चूक नव्हती. मला ठाऊक होतं, आणि हे लिहायला बसलो ते एवढं कबूल करण्यासाठीच.

एका दिवाळीत मी घरून करंज्या घेऊन त्याच्या खोपीकडे गेलो होतो. तो ऐनाच्या बुंध्याशी पाठ टेकून बसला होता आणि वर फांद्यांकडे पाहून कुणाला तरी विनवत होता. "तुमी दोघं आयका, मी नाही आनल्या मुंग्या. मी कायले आनीन?" मग तो थांबायचा, ऐकायचा, आणि पुन्हा विनवायचा. वर कुणी नव्हतं, आणि झाडाखाली पानावर अर्धी भाकर काढून ठेवलेली होती. मी करंज्यांचा डबा दगडावर ठेवला आणि हाक न मारता परत फिरलो. मी आरोग्य सेवक होतो. घरोघर जाऊन तापाच्या माणसांच्या बोटातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेणं हे माझं रोजचं काम. मी जे पाहिलं ते काय असू शकतं याचा अंदाज मला होता.

त्यानंतर काही महिन्यांतच गोंदिया जिल्हा वेगळा झाला. खात्यात जागांची फिरवाफिरव झाली आणि आम्हाला विचारलं, कुठे जाता. लाखांदूरजवळ एक जागा रिकामी होती. मी नाकाडोंगरीकडची मागितली. नकाशात पाहा, एकाच जिल्ह्याची ही दोन टोकं आहेत, एक थेट दक्षिणेला आणि एक थेट उत्तरेला. मायला सांगितलं, सरकारनं फेकलं तिकडे, काय करणार. ती बिचारी सरकारला शिव्या देत राहिली. दोन वर्षांपूर्वी ती गेली तेव्हाही तिच्या मनात सरकारच दोषी होतं.

तर असा मी, नऊ वर्षांनी, भंडाऱ्याला एका दिवसाच्या प्रशिक्षणाला गेलो. जिल्ह्यातल्या मानसिक आरोग्याच्या पथकातल्या एक मॅडम आम्हाला शिकवणार होत्या. गावात फिरताना घरच्या लोकांना कोणते प्रश्न विचारायचे, म्हणजे ज्याला मदत हवी तो माणूस सापडेल, असा विषय. दुपारपर्यंत आम्ही जांभया देत होतो. मग मॅडम म्हणाल्या, आता नाटक करून पाहू. माझ्या शेजारच्या मिशीवाल्या सहकाऱ्याला त्यांनी आरोग्य सेवक केलं आणि मला घरधनी.

सहकारी कागद हातात धरून मोठ्या रुबाबात उभा राहिला. "नमस्कार भाऊ. तुमच्या घरी असं कोनी आहे का, जे आधी बोलत होते अन् आता बोलत नाही?"

"आहे," मी म्हणालो. "माझा मोठा भाऊ."

"एकटं एकटं बोलते का?"

"एकटा नाही बोलत. झाडावर दोघं असतात, त्यांच्याशी बोलतो. मुंग्या तूच आणल्या म्हणतात ते त्याला."

"जेवते का बरोबर?"

"अर्धं जेवतो. अर्धं पानावर काढून झाडाखाली ठेवतो."

"आंघोळ?"

"रोज. पथ्य आहे ना."

खोलीत हशा पिकला. मागून कुणी म्हणालं, "भाऊले दंडारीच्या नाटकात न्या रे, इथं कायले सडवून राहिले." सहकाऱ्यानं हसत हसत पुढचा प्रश्न वाचला, "किती दिवसांपासून?" आणि मी म्हणालो, "नऊ वर्षं झाली." तेव्हा माझा आवाज कसा निघाला ते मला माहीत नाही. हशा बंद झाला.

चहाच्या वेळी मॅडम माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. नागपूरकडच्या असाव्यात, बोलणं साधं. "ते नाटक नव्हतं ना?"

"नव्हतं," मी म्हणालो. माझी तयारी शिव्या खायची होती. आरोग्य खात्यातला माणूस, स्वतःचा भाऊ, नऊ वर्षं. त्यांनी त्यातलं काही काढलं नाही. त्यांनी विचारलं, "झोपतात का ते?"

"माहीत नाही."

"ते विचारा आधी. अशा माणसाला झोप नसते आणि त्याचा त्याला स्वतःला त्रास होत असतो. तुम्ही वेडाचं औषध म्हणाल तर कुणी येणार नाही. झोपेचं दुखणं म्हणून येतात, आणि ते खोटंही नसतं. इथल्या दवाखान्यात आमचा वार ठरलेला असतो, त्या वारी घेऊन या. हे बरं होण्यासारखं आहे हो. पूर्ण नाही झालं तरी पुष्कळ."

बरं होण्यासारखं आहे. मी चहाचा कप तसाच ठेवला. काचपट्टीवर हिवतापाचा जंतू सापडला की मला नेहमी एक विचित्र आनंद व्हायचा, कारण सापडला म्हणजे गोळी देता येते. तोच आनंद मला त्या बाकड्यावर झाला. प्रशिक्षण संपायची वाट न पाहता मी सह्या करून निघालो आणि लाखांदूरच्या एसटीत बसलो. वाटेत धान फुलोऱ्यावर आलेला होता. शेजारच्या अनोळखी माणसाला मी तीनदा सांगितलं की माझ्या भावाला दवाखान्यात न्यायचं आहे. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "न्या ना मग, कोन अडवून राहिलं तुमाले?"

घरी वहिनी सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. मी एका दमात सगळं सांगितलं. ती पाखडत राहिली.

"आत्ता आठोलं का भाऊजी तुमाले?"

"वहिनी, ही बिमारी आहे. पथ्य नाही."

"मले सांगता? रोज भाकर घेऊन हद्दीपर्यंत कोन जाते? अर्धी भाकर झाडाखाली कोनाले दिसते?" तिनं सूप खाली ठेवलं. "मी तुमच्या मायले सांगतलं होतं. ती म्हने, कोसेवाल्याच्या बायकोनं असं बोलू नये, पीक जाते. मंग पीक जाऊ नये म्हनून गप बसलो आमी. तुमी कायले गप बसले?"

उत्तर टाळून मी भंडाऱ्याची बस कधी सुटते ते सांगू लागलो.

"येते मी संग," ती म्हणाली. "पन त्याईच्याशी मी बोलीन. तुमी आपलं तोंड घालू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही राखणीच्या हद्दीवर गेलो. दुसऱ्या पिकाच्या अळ्या झाडांवर होत्या, बोटाएवढ्या, हिरव्यागार. दादा खोपीबाहेर बसला होता, दाढी छातीपर्यंत. वहिनी हद्दीच्या दगडाशी थांबली आणि तिथूनच म्हणाली, "झोप नाही येत ना तुमाले?"

तो म्हणाला, "ते झोपू देत नाहीत."

"भंडाऱ्याले झोपेची दवाई देतात. जाऊ या का?"

त्यानं झाडांकडे पाहिलं. "अन् हे?"

"मी राखतो," मी म्हणालो. वहिनीनं डोळे वटारले, पण शब्द निघून गेला होता.

दादानं माझ्याकडे पाहिलं, बहुतेक त्या सगळ्या वर्षांत पहिल्यांदा. मग माझ्या पायांकडे. "तुझ्यानं नाही होत. चप्पल घालून आला तू."

वहिनी तोंडाला पदर लावून हसली. मी चप्पल काढली आणि तशीच हातात घेऊन आजाकडे पळत गेलो. आजा म्हणजे कोसेवाल्यांचा म्हातारा. अंडी झाडावर मांडायच्या आधी पूजा तोच करतो आणि पथ्यात काय बसतं काय नाही हे तोच ठरवतो. गावाच्या नात्यानं सगळ्यांचाच आजा. त्यानं माझं ऐकलं आणि म्हणाला, "बदली राखनदार चालते. पन पथ्य पुरं पायजे. सरकारी नोकरीतलं नाही, आमच्यातलं." जायच्या दिवशी पहाटे मी विहिरीवर आंघोळ केली, अनवाणी आत गेलो, आणि दादानं मला काम समजावून सांगितलं.

ते मी कधी विसरणार नाही. कोणत्या फांदीवरची पानं संपत आली, ती फांदी अळ्यांसकट कशी कापून पुढच्या झाडाला बांधायची, बुंध्याभोवती राख कशी टाकायची, कावळा कुठल्या बाजूनं येतो. तो सांगत होता, सलग, नीट. मधूनच थांबून वर पाहायचा आणि हळूच म्हणायचा, "थांबा रे, सांगू द्या याले." मग पुन्हा मला सांगायचा. माझ्या भावाला एवढं सगळं येतं हे मला माहीत नव्हतं. तो माणूस तिथेच होता, शाबूत, आणि त्या दोघांच्या गलक्यातून आमच्याशी बोलायची वाट शोधत होता.

ते गेले आणि मी राखणीला बसलो. दिवसभर ओरडून ओरडून माझा घसा बसला. गुलेलीचा खडा एकदाही कावळ्याला लागला नाही, एकदा माझ्याच अंगठ्याला लागला. भूक लागली, पण जेवावंसं वाटेना. सारखं मनात, आता बस पोचली असेल, आता रांगेत असतील, आता आत गेले असतील. मी झाडाखाली चक्क येरझाऱ्या घालत होतो.

संध्याकाळच्या बसनं ते आले. दादा सरळ आत आला, झाडं पाहिली आणि म्हणाला, "कोपऱ्यातल्या झाडाले मुंग्या चढल्या. राख नाही टाकली?" मी हद्दीवर धावलो. वहिनी दगडावर बसून पाय दाबत होती, आणि तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"सांगा ना वहिनी."

"काय सांगू? रांगेत एक बाई विचारे, कोन बिमार हाये? हे म्हनले, ही. माझ्याकडे बोट करून. मंग काय, मीच बिमार झाली नंबर येईपर्यंत." ती हसली. "आत गेलो तं डाक्टरनं इचारलं, कोन बोलते तुमच्याशी? हे म्हनले, तुमालेबी आयकू येते का? डाक्टर म्हनला, मले नाही येत, पन तुमाले येते हे मले पटते."

तिनं पाय दाबणं थांबवलं.

"मंग हे रडले, भाऊजी. लेकरासारखे. नऊ वर्सात कोनी पटते म्हनलं नव्हतं त्याईले."

दोन आठवड्यांत गोळ्यांनी फरक पडला. आवाज दूर गेले, तो म्हणायचा, "तळ्याच्या पल्याडून बोलल्यासारखे." झाडाखाली अर्धी भाकर ठेवणं बंद झालं. मी दर रविवारी नाकाडोंगरीहून दोन बसेस बदलून यायचो आणि परत जाताना गाणी म्हणायचो. माझ्या उपकेंद्राच्या गावांत मी आता तेच प्रश्न खरेपणानं विचारू लागलो. खाणीवर दगड फोडणारी एक बाई मला सांगू लागली की तिला सकाळी उठवतच नाही, जगावंसंच वाटत नाही, आणि आजवर हे कुणी विचारलं नाही. ताप आहे का एवढंच विचारतात सगळे. ते विचारणारा मीच होतो.

मग एका दुपारी दादाला झोप लागली. गोळीची झोप. तो उठला तेव्हा कावळ्यांनी एक अख्खं झाड साफ केलं होतं. शेजारच्या राखणीतले लोक कुजबुजू लागले की दवाखान्याची गोळी पथ्यात बसत नाही, हद्द बाटली. आजा म्हणाला, "गोळी नाहीतर राखन. दोन्ही नाही जमत." दादानं क्षणभर विचार केला नाही. त्यानं गोळ्या बंद केल्या.

चार दिवसांत अर्धी भाकर पुन्हा झाडाखाली आली.

इथे मी जे केलं ते लिहायला हात अडतो. मी वहिनीला म्हणालो, गोळी कुटून वरणात घाला. ती नाही म्हणाली. म्हणाली, "आजवर समदं लपवूनच तं झालं." मी म्हणालो, मी आरोग्य खात्यात आहे, मला कळतं. तिनं माझं ऐकलं. तिसऱ्या दिवशी दादाला वरण कडू लागलं. त्यानं तळाशी पांढरा चुरा पाहिला आणि ताट उलटं केलं. त्या दिवसापासून त्यानं घरचं अन्न घेणं सोडलं, खोपीत स्वतः भात शिजवून नुसता खाऊ लागला. वहिनीनं हद्दीवरून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ते दोघं सांगून राहिले होते, भाऊ इख घालीन म्हनून. मी म्हनलं, नाही घालनार माझा भाऊ."

ते आवाज एरवी खोटंच बोलायचे. माझ्यामुळे खरे ठरले.

मी भंडाऱ्याला मॅडमकडे गेलो आणि त्यांच्या टेबलासमोर उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांनी मला बसवलं. "तुम्ही घाबरून केलं. पण आता त्यांचा विश्वास गेला आहे आणि तो गोळीनं येत नाही. जाऊन सांगा, मीच घातली. वहिनींवर ढकलू नका."

"तो पुन्हा गोळी घेईल का?"

"ते मला माहीत नाही. न सांगता तर नाहीच घेणार." मग त्या डॉक्टरांशी बोलल्या. डॉक्टरांनी गोळी थोडी कमी केली आणि रात्रीच्या जेवणाआधी द्यायला सांगितली, म्हणजे दुपारची गुंगी जाईल.

दुसऱ्या दिवशी मी हद्दीच्या दगडाशी उभा राहिलो. अनवाणी. दादा आत, आणि त्याच्याशेजारी आजा, कारण त्या दिवशी आजा झाडं पाहायला आला होता. मला एकट्यात बोलायचं होतं. ते जमलं नाही, आणि बरंच झालं.

"दादा, वरणात गोळी मी घालायला लावली. वहिनी नाही म्हणत होती. मी जबरदस्ती केली."

दादा बुंध्याशी खाली बसला. आजानं काठी जमिनीवर ठेवली. "चोरून?"

"हो आजा."

"एवढा शिकलेला मानूस, अन् चोरून?" तो थुंकला. मग तो झाडांकडे पाहत म्हणाला, "मले दोन सालाखाली ताप आला होता. याच राखनीत. रक्त घेऊन गोळ्या कोनं देल्ल्या होत्या?"

"मीच दिल्या होत्या. सुट्टीवर आलो होतो तेव्हा."

"त्या खाल्ल्या मी. माझं पीक गेलं का?" त्यानं दादाकडे वळून पाहिलं. "गोळीनं नाही बाटत रे. चोरीनं बाटते. मी घाई केली. आता आयक, तुले हे एक पथ्य जास्तीचं. सांजेले हातपाय धुवाचे, दिवा लावाचा, अन् हद्दीवर उभं राहून सगळ्याईसमोर गोळी खायची. लपून नाही. अन् दुपारी तुझा डोळा लागला तं शेजारचा राखनदार इकडंबी पाहीन. मी सांगतो त्याले."

 एवढं सगळं होऊनही निर्णय आजाचा नव्हता, दादाचा होता. दादा उठून हद्दीपर्यंत आला आणि हात पुढे केला.

"पाकीट दे."

मी दिलं. त्यानं एक गोळी काढून वास घेतला, जिभेला लावली, कडूपणा ओळखला. "पाकीट माझ्यापाशी राहीन. तिच्यापाशी नाही, तुझ्यापाशी नाही."

"बरं."

"मोजाले येऊ नको."

"नाही येत."

त्या संध्याकाळी त्यानं दिवा लावला. आजूबाजूच्या राखणींतले चारपाच लोक आपोआप येऊन उभे राहिले, पूजेला उभे राहतात तसे. दादानं गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायला आणि तोंड उघडून आजाला दाखवलं. कुणीतरी म्हणालं, "आता प्रसाद वाटा," आणि दादा हसला. मी वहिनीकडे पाहिलं. ती दगडाच्या अलीकडे उभी राहून दोन्ही हातांनी पदर पिळत होती.

पीक उतरलं. त्या वर्षी पहिल्यांदा दादा इतरांबरोबर घरी आला, न्हाव्यासमोर बसला, आणि दाढीखालून आमच्या बापाचा चेहरा निघाला. वहिनीनं मासोळीचा रस्सा केला. पुढचे महिने ठरलेल्या वारी तो आणि वहिनी भंडाऱ्याला जात, मला न विचारता. रांगेत आता तोच नव्या माणसांना सांगायचा की कोणत्या खिडकीवर कागद काढायचा. आवाज पुरते गेले नाहीत. कधी कधी येतात. "येतात तं येऊ दे," तो म्हणायचा. "मी कामात हाओ म्हनतो."

आणि मग एके दिवशी, तळ्याच्या पाळीच्या बांधावर जाळं विणता विणता, त्यानं मला विचारलं, "तू नाकाडोंगरीले काहून गेलता?"

खोटं बोलणं सोपं होतं. सरकार होतंच. पण वरणाच्या प्रकारानंतर माझ्यात ते उरलं नव्हतं. मी सांगितलं. दिवाळीचा करंज्यांचा डबा सांगितला, त्याच्या विनवण्या ऐकून परत फिरलो ते सांगितलं, लाखांदूरची रिकामी जागा आणि मी स्वतः लिहिलेला अर्ज सांगितला. त्यानं जाळं खाली ठेवलं आणि उठून गेला.

तो माझ्याशी बोलेना. मी फोन केला की वहिनीच्या हातात द्यायचा. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस.  मौन म्हणजे काय हे मला माहीत होतं. मीच पुन्हा त्याला आजारात ढकललं, असं धरून मी मॅडमना फोन लावला.

"गोळी घेतात?" त्यांनी विचारलं.

"हो. स्वतः."

"जेवण?"

"दोन्ही वेळा. वहिनी म्हणते, रस्सा मागून घेतात."

"झोप?"

"लागते."

"वहिनींशी बोलतात? गावात?"

"बोलतात. काल न्हाव्याशी भांडलेसुद्धा."

"म्हणजे फक्त तुमच्याशीच बोलत नाहीत?"

"फक्त माझ्याशीच."

फोनवर मॅडम हसल्या. "अहो, मग ते रागावले आहेत. आजार नाही, राग आहे. रागावू द्या ना त्यांना. हक्काचा आहे."

मी फोन ठेवला आणि उपकेंद्राच्या पायरीवर बसून एकटाच हसलो. मग रडलो. मग रजेचा अर्ज लिहिला आणि पहिली बस धरली. वाटेत मला इतका आनंद झाला होता की कंडक्टरनं विचारलं, "लग्नाले चालले का?" मी म्हणालो, "शिव्या खायला."

दादा पाळीवर उन्हात बसला होता. मी जवळ गेलो. त्यानं वर पाहिलं नाही.

"बस."

मी बसलो.

"तिकडं सावलीत नाही. इकडं बस."

मी उन्हात सरकलो. वहिनीनं लांबून विचारलं, चहा आणू का. दादा म्हणाला, "एकच आन. याचं मागून पाहू." मग त्यानं जाळं बाजूला केलं आणि माझ्याकडे तोंड करून बसला.

"अर्जात काय लिहिलं होतं?"

"घरगुती अडचण म्हणून."

"मी अडचन?"

"हो."

"अन् मायले काय सांगतलं?"

"सरकारनं फेकलं म्हणून."

"मेली ती, सरकारले शिव्या देत. त्या शिव्या कोनाच्या होत्या?"

"माझ्या होत्या, दादा."

"मंग आता आयक," तो म्हणाला. "मधात बोलाचं नाही. मी त्या दिवाळीपासून सांगतो. तो डबा मले दिसला होता."